मुंगी आत्याकडे असताना

९ फेब्रुवारी

वन्सं,

इथे व्यसनमुक्ती केंद्रात सुरुवातीला पत्र लिहायची परवानगी नसते. फोन तर आल्या दिवशीच काढून घेतात. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी कागद-पेन पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "ज्या माणसाची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याला आधी लिही." म्हणून तुम्हाला लिहितेय. नवऱ्याची भीती वाटत नाही, तो बिचारा जहाजावर इंजिनाच्या खोलीत आहे आणि त्याला ओरडायला येत नाही. तुम्हाला येतं.

पहिले दिवस फार वाईट गेले. अंगातून कोणीतरी सुतळी ओढून काढतंय असं वाटायचं. घाम, उलट्या, पायांत कळा. माझ्या खोलीत एक बाई आहे, बँकेत कॅशियर होती, सगळे तिला बँकवाली म्हणतात. तिचं व्यसन दारूचं, माझं गोळ्यांचं. म्हणजे नशेच्या खानदानात ती थोरल्या घरातली आणि मी धाकट्या, असं ती म्हणते. मी ओकत असले की ती घमेलं धरून बसायची. एकदा मी विचारलं, "तुम्हाला किळस नाही येत?" म्हणाली, "येते की. माझ्या वेळी जी बसली होती तिलाही येत होती. तरी ती बसली."

वन्सं, मला सारखा तो तलाव दिसतो. उथळ भागातली माझी लहान मुलांची तुकडी, प्रत्येकाच्या हातात पोहण्याची फळी, आणि काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी, गळ्यात शिट्टी अडकवून. खांद्याच्या ऑपरेशननंतर दिलेल्या गोळ्या मी दुखणं थांबल्यावरही घेत राहिले, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी जास्तच घेतल्या होत्या. डोळे उघडले तेव्हा जीवरक्षक माझ्या नावाने ओरडत होता आणि लाल टोपीचा तो मुलगा फरशीवर आडवा होता. तो खोकला, पाणी ओकला, मग रडला. कुणाच्या लेकराच्या रडण्याने इतकं हायसं वाटलेलं नाही मला कधी. आणि तेवढ्यात मनात काय आलं सांगू? आता माझी पर्स तपासतील, असं आलं.

मुंगी कशी आहे? आईबद्दल काही बोलते का? महिन्यातल्या पहिल्या रविवारी इथे घरच्यांना भेटायला येऊ देतात. तिला आणाल का? लांबूनही चालेल. नाही आणलंत तरी तुमचंच बरोबर असेल.

तुमची अपराधी भावजय


१७ फेब्रुवारी

मासोळी,

"अपराधी भावजय" अशी सही पुन्हा केलीस तर पत्र न वाचता एखाद्या सोफ्याच्या गादीत भरून शिवून टाकीन. तू लग्न होऊन आलीस त्या दिवशी तुझे ते खांदे बघून मी तुला मासोळी म्हटलं, तीच सही कर.

इकडे कामाचा डोंगर आहे. एका दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीच्या सगळ्या खुर्च्या आल्यात, जुनं रेक्झिन फाडून नवं चढवायचंय. तुला माहीत आहे, आमच्या धंद्यात त्या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. मी दिवसभर तोंडात चुका धरून बसते, म्हणून माझ्या तोंडून सरळ शब्द निघत नाही असं तुझा नवरा म्हणतो. तू तुझ्या चुका डोक्यात भरून बसलीयस. त्यापेक्षा तोंडातल्या बऱ्या. एकेक काढून ठोकता तरी येतात.

मुंगी मजेत आहे. खालचा पुढचा दात पडला. शाळेतून आली की दुकानात माझ्या पायाशी बसते आणि जुन्या स्प्रिंगा लहान-मोठ्या अशा लावते. मी सांगितलेलं नाही, आपलं आपणच. जेवायला कटकट करत नाही. तू उगाच काळजी करू नको.

रविवारचं म्हणशील तर तिला कोरडा खोकला झालाय, आणि बसचा प्रवास लांबचा. शिवाय शाळेत चाचणी आहे. या वेळी राहू दे. पुढच्या वेळी बघू.

नीट खा. तुझ्या खोलीतल्या त्या बाईला माझा नमस्कार सांग. घमेलं धरणारी माणसं सोफ्यावर बसणाऱ्यांपेक्षा कमी असतात.

आत्या


४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र वाचून बँकवाली खो खो हसली. तिने तो चुकांचा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला.

रविवारी तुम्ही येणार नाही हे माहीत होतं, तरी मी केस विंचरून फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. बँकवालीचे दोन्ही मुलगे आले होते. मोठा सगळा वेळ फोनमध्ये डोकं घालून होता, धाकटा आईच्या हातावरची सालं काढत होता. हो, आम्ही इथे इतकी भांडी घासतो की हातांची सालं निघतात. दुपारी मी कपडे धुण्याच्या खोलीत असते, डावा हात वर जात नाही म्हणून वाळत घालायचं काम दुसरं कोणी करतं.

बाकावर बसून मी विचार केला. खूप केला. मुंगी तुमच्याकडे खाते, झोपते, शाळेत जाते, स्प्रिंगा लावते. माझ्याकडे काय करायची? शाळेतून येऊन स्वतःच कुलूप उघडायची, मला हलवायची, आणि मी उठले नाही तर पाव खाऊन टीव्हीसमोर बसायची. एकदा तिने शेजारच्या बाईंना सांगितलं, आई रात्रपाळी करते म्हणून दिवसा झोपते. पोहण्याच्या तलावावर कसली रात्रपाळी? आठ वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि मी पांघरुणातून ते ऐकत होते. ऐकून कूस बदलली.

म्हणून लिहिते. तिला तुमच्याकडेच राहू द्या. मी बरी झाल्यावरसुद्धा. कायमची. मी लांबून बघत जाईन. तुमच्या भावालाही मी तसंच कळवीन. ती मला विसरली तर ते तिच्या भल्याचंच होईल. इतके दिवस तिच्यासाठी काही केलं नाही, एवढं तरी करते.

मासोळी


१५ मार्च

मासोळी,

पत्र मिळालं. असल्या गोष्टी घाईने ठरवायच्या नसतात. तू आधी धड हो. पण तुझ्या मनावर ओझं नको म्हणून सांगते, इथे तिचं काही अडत नाही. मागच्या खोलीतला काथ्या आणि फोमचे गठ्ठे मी दुकानात हलवले आणि तिथे तिच्यासाठी खाट टाकली. गादी मी स्वतः भरली, अशी गादी बाजारात शोधूनही मिळायची नाही. पडदा तिनेच निवडला, पिवळा. मला पिवळा रंग डोळ्यांसमोर नको असतो, पण असो.

पुढच्या भेटीच्या रविवारीही जमेलसं दिसत नाही. दवाखान्याच्या खुर्च्या पोहोचवायच्या आहेत आणि मुंगीच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे. तू वाट बघत बसू नको. बाकावर तर नकोच.

बंधुराजांचं जहाज बंदराला लागतंय. सुट्टीवर येईल तेव्हा आधी तुझ्याकडे येईन म्हणालाय.

आत्या


९ एप्रिल

वन्सं,

हे पत्र मी आधी लिहून फाडलं. मग पुन्हा लिहून फाडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय फाडतेस?" मी म्हटलं, "मला एका माणसाचा राग आलाय आणि त्या माणसावर रागवायचा मला अधिकार नाही." त्या म्हणाल्या, "राग काय परवाना काढून येतो का? लिही."

तुमचा भाऊ येऊन गेला. फार बोलला नाही, तुम्हाला माहीत आहे तो कसा आहे. बाकावर बसून माझ्या हाताकडे बघत राहिला. मग जाता जाता, आपण काही विशेष सांगतोय हे त्याच्या गावीही नव्हतं, म्हणाला, "मुंगीला पुढच्या वेळी बोलावून घे ना तू ताईला सांगून. दर रविवारी सकाळी बूट घालून दारात बसते, तिनेच फोनवर सांगितलं. ताई तिला सांगते, आई कामासाठी परगावी गेलीय, तिथे मुलांना येऊ देत नाहीत."

खोकला नव्हता. तोही मी त्याला विचारला. म्हणाला, कुठला खोकला? दर आठवड्याला फोनवर बोलतो मी तिच्याशी.

वन्सं, मी इकडे बाकावर आणि ती तिकडे दारात. मधे तुम्ही. मी तुम्हाला लिहिलं, ती मला विसरली तर बरंच, आणि तुम्ही मला कळवलं नाहीत की ती विसरलेली नाही. तुम्ही पडद्याचा रंग कळवलात!

मी नशेत होते, माझ्या हातून एक मूल मरता मरता वाचलं, माझी पोर माझ्यामुळे खोटं बोलायला शिकली. सगळं खरं. त्यातलं काही मी नाकारत नाही. तुम्ही तिला सांभाळलंत, ते उपकार मी फेडू शकणार नाही. पण तिला "आई परगावी" म्हणून सांगायचं तुम्हाला कोणी सांगितलं? मी तिला द्यायला निघाले होते तुम्हाला. मागितली असतीत तरी दिली असती. अशी का घेतलीत?

मला राग आलाय. पोस्टात टाकेपर्यंत पुन्हा भीती वाटेल म्हणून बँकवालीला सांगितलंय, पाकीट तूच बंद कर.

मासोळी


१४ एप्रिल

मासोळी,

बंधुराज इकडे येऊनही बोलला. त्याला ओरडायला येत नाही असं तू म्हणतेस, ते चूक आहे. येतं.

मी तुला आता दोन गोष्टी सांगते. पहिली माझ्या बाजूची आहे आणि दुसरी नाही.

मुंगी आली त्या सुरुवातीच्या दिवसांत मी दुपारी जेवून आडवी झाले की मला नाकाशी काहीतरी गार लागायचं. डोळे उघडून बघते तर ही शेजारी उभी, दोन बोटं माझ्या नाकाखाली धरून. "काय गं?" "काही नाही. बघत होते." "काय बघत होतीस?" म्हणाली, "श्वास चालू आहे का."

रोज दुपारी. मी झोपायचं सोडून दिलं. मग केव्हातरी एक दिवस मी खुर्चीचं रेक्झिन ठोकत होते, आणि वळून बघते तर ही फोमच्या गुंडाळीवर गाल टेकून झोपलेली. कानाशी हातोडी चालू आणि ही गाढ. त्या दिवशी मी मनात म्हटलं, हे आता उसवू द्यायचं नाही. तिला तिकडे नेलं, तू तशी सुकलेली दिसलीस, की पुन्हा बोटं नाकाशी येणार. म्हणून खोकला. म्हणून चाचणी. हे तुला कळवलं असतं तर तू तिथल्या तिथे मोडली असतीस असं वाटलं. तुझ्यात तेवढा दम उरला असेल असं मी धरलंच नाही.

ही झाली पहिली गोष्ट. तेवढीच सांगून थांबले असते तर मी किती शहाणी दिसले असते.

दुसरी अशी. संध्याकाळी दुकानाच्या दारातून "आत्या" अशी हाक येते. इतकी वर्षं त्या दारातून "अहो, सोफा झाला का" एवढंच यायचं. मला तिची सवय लागली. तुला गोळ्यांची जशी लागली होती तशीच. आज नाही, उद्या सोडू, या रविवारी नाही, पुढच्या. तू "कायमची राहू द्या" असं लिहिलंस ते पत्र वाचून मला आनंद झाला. एक आजारी बाई स्वतःचं काळीज काढून देत होती आणि मी ते वाचून उठले आणि खाटेचं माप घेतलं. खरंच घेतलं. टेप गळ्यातच होती.

तुझं रागाचं पत्र मात्र चांगलं आहे. आधीच्या पत्रांत तू प्रत्येक वाक्याला वाकून उभी होतीस. या पत्रात ताठ आहेस.

पुढच्या भेटीच्या रविवारी आम्ही येतोय. मुंगीला मी सांगितलं की आत्या खोटं बोलली होती. "का?" म्हणाली. मी हातोडी उचलली. तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. बरोबरच आहे तिचं.

आत्या


८ मे

वन्सं,

तुम्ही आलात त्या दिवशी मुंगी तुमच्या ओढणीमागून बाहेर यायला तयार नव्हती, ते तुम्ही बघितलंत. मी हात पुढे केला तेव्हा तिने माझ्या हाताकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं. एकदा या, एकदा त्या. दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तशी. तुम्ही डॉक्टरीणबाईंशी बोलायला आत गेलात त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही, ते सांगते.

आम्ही दोघी बाकावर. बराच वेळ ती बुटाने खडे उडवत होती. मग म्हणाली, "तो मुलगा मेला ना?"

"कुठला?"

"पाण्यातला. शाळेत सगळे म्हणतात तू त्याला मारलंस, म्हणून तू तुरुंगात आहेस."

वन्सं, इतके महिने ही पोर ते घेऊन हिंडत होती. तुमच्या पायाशी स्प्रिंगा लावताना, पिवळा पडदा निवडताना. आपण दोघी तिला जपायचं म्हणून गप्प बसलो आणि तिला एकटीला एक मेलेला मुलगा सांभाळायला दिला.

मी म्हटलं, "नाही गं. तो जिवंत आहे. शाळेत जातो. पण माझ्यामुळे मरू शकला असता, हे खरं आहे."

"मग ही शिक्षा आहे का?"

"नाही. मी गोळ्या घेत होते, त्या मला सोडता येत नव्हत्या. इथे सोडायला मदत करतात."

"सुटल्या?"

"आज घेतली नाही."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या सांगेन."

तिने विचार केला. तुमच्यासारखा एक डोळा बारीक करून. मग म्हणाली, "सांग हं पण. नाहीतर मग मला शाळेतल्यांचं ऐकावं लागतं." आणि उठून बागेतल्या नळाशी खेळायला गेली. माझ्या जवळ नाही आली. पण दोनदा मान वळवून बघितलं.

तुमची बस गेली आणि मला गोळी हवीशी झाली. इतकी, की दात आपटायला लागले. जे चांगलं झालं होतं तेच सोसवेना. मी फाटकापर्यंत गेले. फाटकाला कुलूप नसतं, ते आम्हाला पहिल्याच दिवशी दाखवतात. बँकवालीने मला तिथे बघितलं. म्हणाली, "चादरींच्या घड्या घालायला कोणी नाही, चल." घड्या घातलेल्याच होत्या. आम्ही त्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या. सगळ्या केंद्राच्या चादरी. माझा डावा हात वर जात नाही, तर ती दोन्ही टोकं वर धरायची आणि मी खालची. दिवेलागण होईपर्यंत आम्ही तेच केलं. मग ती म्हणाली, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." "आता उद्या माझ्यासाठी तू मोड," म्हणाली.

मला लवकरच सोडतील. आता जे विचारायचंय ते फाडाफाडी न करता विचारते. मुंगीला मी तुमच्याकडून घेऊन जाणार नाही, आणि तुम्हाला देऊनही टाकणार नाही. तुम्ही मलाही ठेवून घ्याल का? काही दिवस. मला त्या जुन्या घरात एकटीने राहायची भीती वाटते. माझ्या गोळ्या मी तिथे कुठेकुठे लपवल्या होत्या ते सगळं मला आठवतं, आणि कुठे कुठे आठवत नाही, त्याची जास्त भीती आहे.

मासोळी


१९ मे

मासोळी,

विचारतेस काय? ये.

मागची खोली मुंगीची आहे, तिथे तुला घ्यायचं की नाही ते ती ठरवेल. तोपर्यंत तू माझ्या खोलीत. मी घोरते. घरातलं औषधांचं कपाट मी रिकामं केलंय, डोकेदुखीची गोळीसुद्धा ठेवली नाही. माझं डोकं दुखलं तर तुझ्यावर ओरडून बरं करीन. दुकानात रेक्झिन कापायचं काम खाली बसून, एका हाताने होतं. ते तू करायचंस.

त्या लाल टोपीच्या मुलाच्या आईला भेटायचं डोक्यात आहे असं तू डॉक्टरीणबाईंजवळ बोललीस म्हणे. तिने तुला माफ करावं म्हणून जाणार असशील तर जाऊ नको. नुसतं सांगायला जाणार असशील तर मी बरोबर येते. कोपऱ्यावर उभी राहीन.

आणि हे बघ, आपलं पुन्हा भांडण होणार. मुंगीवरूनच होणार. झालं की मला सरळ तोंडावर सांग. पत्राला फार दिवस लागतात.

आत्या


२४ सप्टेंबर

वन्सं,

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलू देत नाही. आणि ऐकून तुम्ही पहिल्या बसने निघून आला असतात. तुमच्या मैत्रिणीकडे तुम्ही इतक्या वर्षांनी गेलात, ते आम्हा दोघींना एकटं सोडायचं म्हणून मुद्दाम गेलात, हे मला कळत नाही असं समजू नका.

काल शाळेतून आल्यावर मुंगी दप्तर न काढताच खाली बसली. कपाळ तापलेलं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले साथ आहे, तापाचं औषध द्या, सकाळी आणून दाखवा. घरात औषध नाही. कोपऱ्यावर दुकान आहे.

आता जे लिहिते ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. "औषधाचं दुकान" म्हटल्याबरोबर मला आधी माझी गोळी आठवली. मुंगीचा ताप मग आठवला. चप्पल घालेपर्यंत मनात सगळं तयार होतं, दुकानदाराला खांद्याचं काय सांगायचं, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी कुठल्या पिशवीत असेल. पोर तापाने फणफणलीय आणि आई मनात चिठ्ठी शोधतेय. त्या लाल टोपीच्या मुलाच्या आईने जूनमध्ये माझं पुरतं ऐकूनही न घेता दार लावलं, तेव्हा तुम्ही कोपऱ्यावरून मला घरी आणलंत आणि मी तुम्हाला म्हटलं होतं, आता मी पूर्वीची नाही. काल चप्पल घालताना मी तीच होते.

मी शेजारच्या हेडमास्तरांचं दार वाजवलं. तुमच्या हातोडीबद्दल सारखी तक्रार करतात तेच. पेपर हातात घेऊनच दार उघडलं.

"आज तर ठोकाठोक नाही," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"ते ऐकू येतंय. काय झालं?"

"मुंगीला ताप आहे. औषध आणायचंय."

"मग जा की. दुकान उघडं आहे."

"मला एकटीला औषधाच्या दुकानात जायचं नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "का?"

"मला गोळ्यांचं व्यसन आहे." होतं म्हणणार होते, आहे म्हटलं. केंद्राच्या बाहेर ते वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. जिन्यात कोणी नव्हतं, पण मला वाटलं सगळी इमारत ऐकतेय.

ते आत गेले. मला वाटलं, झालं, आता हेही दार लागणार. तर सदरा घालून बाहेर आले. "मी बरोबर येऊ, की मी जाऊन आणू आणि तुम्ही मुलीजवळ बसता?"

वन्सं, खरा शूर माणूस म्हणाला असता, चला, मीही येते. माझ्या मनात तसं येऊनही गेलं. पण मी म्हटलं, "तुम्हीच आणा." आणि आत येऊन मुंगीच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत बसले. दुकानात कधीतरी जाईन, कोणाला तरी घेऊन. काल तेवढं बळ नव्हतं, आणि नाही हे कळायला मला उशीर झाला नाही.

औषध देऊन जाताना मास्तर म्हणाले, "रात्री खिळे ठोकलेले मला चालत नाहीत. दार ठोकलेलं चालतं. लक्षात ठेवा."

मुंगीने औषध थुंकलं. सगळं माझ्या अंगावर. मी पुन्हा चमचा भरला तर रडून म्हणाली, "तू दुष्ट आहेस, मला आत्या पाहिजे." मला वाईट वाटलं. थोडं हसूही आलं, कारण हे तिने घाबरत घाबरत, माझे डोळे तपासून म्हटलेलं नव्हतं. नुसतं, कुठलीही आजारी पोर आईला म्हणते तसं म्हटलं. मग रागारागाने औषध प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. माझ्याकडे पाठ करून. मी बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत बसले.

आज ताप उतरलाय. डॉक्टरांना दाखवून आणलं. मी चिठ्ठीबद्दल सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, बँकवालीलाही. बँकवाली म्हणाली, शनिवारी येते, तुझ्या जुन्या पिशव्या आपण दोघी बसून उपसू. मुंगीला काय सांगायचं ते ठरत नव्हतं, पण तिने न्याहारी करताना विचारलंच, "काल?" मी म्हटलं, "घेतली नाही. पण घ्यावीशी वाटली." ती दुधात बिस्कीट बुडवत राहिली. "खूप?" "खूप. म्हणून मास्तरांना औषध आणायला पाठवलं." "मग मास्तरांना का बोलावलंस, मला उठवायचं ना," म्हणाली. मी तिला सांगितलं की ते काम लहान मुलांचं नसतं, मोठ्यांचं असतं. हे पटायला तिला वेळ लागेल. मलाही ते आधी कळायला हवं होतं.

अपराधी वाटणं गेलेलं नाही, वन्सं. जाईल असं डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत. पण काल ते वाटत असतानाच ताप मोजला, घड्या बदलल्या, चादर धुतली. त्याच्यासकट हात चालतात, एवढं दिसलं.

तुम्ही रविवारी येणार म्हणाला होतात. रविवारीच या. घाई करू नका.

मासोळी